मौनाच्या महिन्यातला बर्फ

पौष अर्धा सरला तरी जोगणीथाचच्या उतारावर बर्फाचा पत्ता नव्हता, आणि सुभेदार जोतीराम घाडगे यांच्या स्की-शाळेतली मुलं डांबरी रस्त्यावर स्कीइंग शिकत होती. स्कीच्या पट्ट्यांखाली चाकं बसवलेली, हातात काठ्या, डोक्याला हेल्मेट. मागून पर्यटकांची बस आली की सगळी रांग कडेच्या गटाराला चिकटून उभी राहायची. बसमधली माणसं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायची, "अहो, बर्फ कुठं आहे?" जोतीराम आभाळाकडे बोट दाखवायचा. सुरुवातीला त्याला ते विनोदी वाटत होतं.

दुपारनंतर वर्ग रानात भरायचा. पाइनच्या झाडांखाली वाळक्या सुयांचा जाड थर साचतो आणि तो चांगलाच निसरडा असतो. त्यावरून मुलं घसरत, आपटत, पुन्हा उठत. संध्याकाळी त्यांच्या आया पँटींतून सुया वेचत बसत आणि सुभेदाराचा उद्धार करत.

जोतीराम मूळचा साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. लहानपणी त्याच्या वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा आणि पोरं हंडे घेऊन त्याच्यामागे धावायची. पलटणीने त्याला हिमाचलच्या डोंगरात आणलं, लष्कराच्या शाळेने स्कीवर उभं केलं, आणि शेरधार गावच्या बिमला ठाकूरने त्याला तिथेच ठेवून घेतलं. निवृत्तीनंतर त्याने बायकोच्या गावात शाळा काढली. टँकरच्या पाण्यावर वाढलेला माणूस गोठलेल्या पाण्यावर पोट भरतो, ही त्याची स्वतःवरची आवडती थट्टा होती. सन २०३८ च्या त्या हिवाळ्यात मात्र तो ती करेनासा झाला होता. कोरडा जाणारा हा लागोपाठ तिसरा हिवाळा होता.

फाल्गुनात राष्ट्रीय संघाची निवड-शर्यत जोगणीथाचवर व्हायची होती. जोतीरामची मुलगी मृणाल एकोणीस वर्षांची, आणि तिच्याइतक्या सफाईने वळणं घेणारं त्या खोऱ्यात दुसरं कोणी नव्हतं. हे तो शिक्षक म्हणून सांगायचा. बाप म्हणून तो तिच्या चुकाच काढायचा. उतार पांढरा झाला नाही तर शर्यत नाही, शर्यत नाही तर मृणालची निवड नाही. आणि रस्त्यावर बर्फाचे धडे देणाऱ्या शाळेत पुढच्या वर्षी कोण मूल घालणार, हेही त्याला कळत होतं.

"बाबा, आभाळाकडं बघून बघून माझी मान अवघडली," मृणाल म्हणायची. माणदेश तिने जेमतेम दोनदा पाहिलेला, पण तिचं मराठी अस्सल माणदेशी होतं, कारण ते तिने बापाच्या तोंडून उचललं होतं. घरात बाकी सगळं बोलणं हिंदीत नाहीतर पहाडीत चाले. मराठी फक्त बापलेकीचं. रागावली की मात्र ती बापाशीही हिंदीत बोलायची, आणि मग काय समजायचं ते जोतीराम समजायचा.

संक्रांतीच्या तोंडावर डॉ. नंदिता बरुआ आल्या. हिमाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेतल्या या आसामी बाई. सोबत पांढऱ्या भुकटीचे डबे आणि दोन प्रचंड पंखे. बिमलाने त्यांना स्वयंपाकघरात तंदूरजवळ बसवलं. तिकडे तंदूर म्हणजे लाकडं घालून पेटवायची लोखंडी शेगडी. हिवाळ्यात सगळं घर तिच्याभोवतीच असतं.

"पाणी शून्याला गोठतं असं आपण शाळेत शिकतो," बाई म्हणाल्या. "पण स्वच्छ पाण्याचा बारीक थेंब शून्याखाली दहा अंश गेला तरी पाणीच राहू शकतो. बर्फ व्हायचं तर त्याच्या रेणूंना ठरावीक आकृतीत उभं राहावं लागतं, आणि सुरुवात कोणी करायची हेच त्यांचं ठरत नाही."

"परेडला आधी एक मार्कर उभा करावा लागतो, मग बाकीचे त्याच्या रांगेत, तसं," जोतीराम म्हणाला.

"अगदी तसं. झाडांच्या पानांवर काही जिवाणू राहतात. त्यांच्या अंगावरच्या एका प्रथिनाची ठेवण बर्फाच्या स्फटिकाशी जुळते. पाणी त्याला टेकलं की रांगेत उभं राहतं आणि गोठतं. हे जुनंच ज्ञान आहे. आम्ही जिवाणू बाजूला ठेवले, नुसतं ते प्रथिन पिठाच्या कणांवर बसवलं आणि त्याची पकड वाढवली. आता थेंब शून्याच्या जरासा खाली गेला तरी त्याला गोठावंच लागतं. आम्ही याला हिमबीज म्हणतो."

"पण हवा तर शून्याच्या वर आहे. मग थेंब खाली जाणार कसा?" बिमलाने विचारलं.

याचं उत्तर जोतीरामने दिलं. "आमच्या गावाकडे उन्हाळ्यात मातीचा माठ असतो. बाहेर अंगाची लाही होते आणि माठातलं पाणी गार. माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जेवढी कोरडी, तेवढा माठ गार."

बरुआबाई खूश झाल्या. हिवाळ्यात इथली हवा कोरडी ठणठणीत असते. चार अंशांच्या हवेत सोडलेला बारीक थेंब वाळता वाळता आपणच शून्याखाली उतरतो, तिथे हिमबीज त्याला गाठतं आणि जमिनीवर पडतो तो बर्फ. "आणि मागे काही उरत नाही," त्या म्हणाल्या. "ऊन लागलं की चार-सहा दिवसांत बीज मोडून जातं." सावलीत राहिलं तर काय, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

अडचण निघाली ती भलतीच. शेरधारमध्ये संक्रांतीपासून मौनाचा महिना लागतो. ग्रामदेव त्या दिवशी स्वर्गात जातो आणि फाल्गुनात, फागळीच्या सणाला परततो. तो तिकडे ध्यानात असेपर्यंत गावात आवाज करायचा नाही अशी रीत आहे. ढोल उतरवून ठेवतात, देवळातल्या घंटा कापडात गुंडाळतात. टीव्ही बंद, मोबाइल मुके, गाड्यांना हॉर्न नाही, जमिनीत कुदळ घालायची नाही, आणि बोलायचं ते कुजबुजत. बरुआबाईंचा एक पंखा नुसता चालवून पाहिला तर विमान उतरल्यासारखा आवाज झाला आणि गावातली झाडून सारी कुत्री उतारावर जमली.

बिमलाचा थोरला भाऊ टेकचंद ठाकूर हा देवाचा कारदार, म्हणजे देवळाचा कारभार पाहणारा. जोगणीथाचच्या बरोबर खाली त्याची सफरचंदाची बाग होती, पायरीपायरीने थेट नदीपर्यंत उतरलेली. तो कुत्र्यांच्या मागोमाग आला आणि पंख्याभोवती एक फेरी मारून उभा राहिला.

"सुबेदार, हे चालायचं नाही."

"भाईजी, हवा कोरडी मिळते ती नेमकी याच महिन्यात."

"देवाला सांगू का मी तुझ्या हवेचं?"

टेकचंद तापट होता, पण बहिणीच्या घरचा चहा घेतल्याशिवाय तो कधी परत गेला नव्हता. त्या दिवशीही तो तंदूरपाशी बसला, दोन पेले रिचवले आणि म्हणाला, "आवाज न करता पाडता येत असेल तर पाड बर्फ. आवाज नाही तर देवाची हरकत नाही, आणि देवाची नाही तर माझी कशाला असेल?"

जोतीरामला आठवला तो माणदेशच. घोटभर पाण्यात रान भिजवायची वेळ आली की तिकडे माणसं तुषाराचे फवारे लावतात. जोगणीथाचच्या माथ्यावर झऱ्याचं पाणी साठवणारा जुना सिमेंटचा हौद होता. तिथून नळ खाली सोडले तर उंचीमुळे पाण्याला आपोआप जोर येतो. पंप नको, पंखा नको. पाण्यात हिमबीज मिसळून उंच काठ्यांवर बारीक नोझल बसवले की त्याचं धुकं होईल. बरुआबाईंनी आकडेमोड करून मान डोलावली. पंखे बिमलाच्या गोठ्यात गेले आणि गाईने त्यांना पाठ लावून खाजवायला सुरुवात केली.

मौनाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाव उठून पाहतं तर उताराच्या मधोमध पांढरा पट्टा. कोणी ओरडलं नाही, कारण ओरडायचं नव्हतं. मुलं स्की खांद्यावर टाकून चवड्यांवर धावत सुटली. त्या महिन्यात शाळा चालली तशी शाळा जगात कुठे चालली नसेल. जोतीरामने शिट्टी खुंटीला अडकवली आणि बिमलाकडून निशाणं शिवून घेतली. हिरवं म्हणजे निघा, लाल म्हणजे थांबा. पडणारं मूल तोंडावर हात दाबून पडायचं आणि पाहणारी तोंडात मफलर कोंबून हसायची. मृणाल माथ्यावरून सुटली की पट्ट्यांची सरसर तेवढी ऐकू यायची. ती खाली येऊन थांबायची, बापाकडे पाहायची, आणि तो दोन बोटांनी डाव्या गुडघ्याची चूक दाखवायचा. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा मोसम होता, आणि तसं त्याने बिमलाला कुजबुजत सांगितलंही.

संध्याकाळी डोंगरावरची हवा गार झाली की जड होते आणि उतारावरून खाली वाहू लागते. पंख्यांनी फेकलेला बर्फ जागच्या जागी पडला असता. फवाऱ्यांचं हलकं धुकं मात्र त्या हवेबरोबर निघायचं आणि टेकचंदच्या बागेत शिरायचं. सकाळी झाडांच्या उघड्या फांद्यांवर पांढरी साय दिसायची. टेकचंदला ते आवडलंच. सफरचंदाला हिवाळ्यात थंडी लागते, ती मिळाली नाही तर फूल नीट धरत नाही. "फुकटात मिळतेय थंडी," असं त्याने बहिणीच्या कानात सांगितलं होतं. देवाची शांतता राखायला म्हणून केलेली युक्ती बागेच्या मुळावर येते आहे, हे ना त्याला कळलं ना जोतीरामला.

ते कळलं बरुआबाईंना. एका दुपारी त्या सहज म्हणून बागेतल्या दहा-बारा काटक्या घेऊन आल्या, त्या पाण्यात खळबळून त्यांनी त्या पाण्याचे थेंब गार पत्र्यावर ठेवले. शेजारी साध्या पाण्याचे थेंब. पत्रा शून्याच्या किंचित खाली गेला आणि काटक्यांचे थेंब पटापट पांढरे झाले. साधे थेंब तसेच राहिले. बाई उठल्या आणि तडक जोतीरामच्या स्वयंपाकघरात आल्या. मृणाल तिथेच स्कीला मेण लावत बसली होती.

"बीज सालीच्या भेगांत बसलंय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तिथे ऊन पोचत नाही, म्हणून ते मोडलेलं नाही. वसंतात पाऊस झाला की ते कळ्यांवर उतरेल. साधं फूल शून्याखाली दोन अंशांची थंडी सोसतं, कारण त्याच्यातलं पाणी तोवर गोठत नाही. बीज असेल तर शून्याच्या खाली पाऊल टाकताच गोठेल. एक साधी गार पहाट पुरेल."

"आणि बंद केलं तर?"

"जेवढं बसलंय तेवढं बसलंय. पण आणखी बसणार नाही. चूक माझी आहे, मी उन्हाचाच विचार केला. मी संस्थेला कळवणारच आहे, पण बंद करायचं की नाही हे इथे तुम्ही ठरवायचं."

मृणालने हातातलं मेण खाली ठेवलं. "बाबा, शर्यत होऊ द्या. मग सांगा मामाला. एवढ्या दिवसांत काय फरक पडतोय?"

जोतीरामने बिमलाकडे पाहिलं. तिने तंदूरमध्ये एक लाकूड सारलं. "माझा भाऊ आहे हे विसरा," ती म्हणाली. "शेजारी आहे एवढंच धरा आणि ठरवा."

जोतीरामने हौदाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि टेकचंदच्या घरी गेला. त्याने एक शब्द मागे ठेवला नाही. टेकचंदचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. मौनाच्या महिन्यात देवाच्या कारदाराला ओरडायची सोय नव्हती. मग तो उठून आत गेला आणि त्याने दार लोटलं, इतकं हळू की कडीसुद्धा वाजली नाही. जोतीरामला वाटलं, याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

फाल्गुनात देव परतला, ढोल वाजले, गावाने महिनाभराचं बोलणं एका दिवसात उरकलं. टेकचंदचं मौन मात्र सुटलं नाही. बहिणीच्या घरचा चहाही त्याने सोडला. उतारावर तोवर तपकिरी ठिगळं दिसू लागली होती, आणि शर्यत घेणाऱ्या संघटनेने ती पुढे ढकलली. बैसाखीनंतर पट्टा तयार करून दाखवलात तर निवड करणारे येतील, नाहीतर यंदा निवड नाही, असं त्यांनी कळवलं.

"पिताजी, मैं अपना देख लूँगी," मृणाल बापाला म्हणाली. हिंदीत.

तिने खरोखरच स्वतःचं पाहिलं. उतारावर उरलेला बर्फ फावड्याने ओढून तिने हौदाच्या वरच्या घळीत त्याचा ढीग रचला आणि त्यावर पाइनच्या सुयांचा गुडघाभर थर पसरला. ज्या सुयांवर ती पौषात घसरत होती, त्यांनीच आता ऊन अडवलं. फाल्गुन गेला, चैत्र उजाडला, खाली गव्हाला ओंब्या आल्या, तरी सुयांत हात घातला की बर्फ लागायचा. बैसाखीनंतर तो उतारावर पसरला की एक चिंचोळा पट्टा होणार होता, तिच्या एका शर्यतीपुरता. ती रोज सकाळी जाऊन सुया सारख्या करायची आणि बापाशी कामापुरतं हिंदी बोलायची.

हिवाळा ऊबदार गेल्यामुळे सफरचंदं त्या वर्षी लवकर फुलली. बैसाखी चार दिवसांवर असताना पाऊस झाला, आभाळ लख्ख मोकळं झालं आणि हवामान खात्याने दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचा इशारा दिला: तापमान शून्याखाली दोन अंश. एरवी असल्या इशाऱ्याने शेरधारमध्ये कोणी कूसही बदलली नसती.

बरुआबाईंचा फोन सकाळीच आला. "फवारे अजून आहेत? मग बागेत लावा. गोठवा फुलं."

"बाई, थट्टा करताय का?"

"तुमचा माठ उलटा चालवा, सुभेदार. पाणी वाळताना उष्णता घेतं, तर गोठताना उष्णता सोडतं. फुलावर पाणी गोठत राहिलं तर त्या उबेने आतलं फूल शून्यावर टिकतं, खाली जात नाही. बीज आहेच फुलांवर, ते पाण्याला लगेच गोठवेल. आता त्यालाच राबवा. मात्र पाणी मध्येच तुटता कामा नये. ऊन येऊन बर्फ गळायला लागेपर्यंत फवारा चालूच हवा. अर्ध्यात थांबलं तर ओली फुलं जास्तच गारठतील."

जोतीराम हौद पाहून आला आणि तंदूरपाशी डोकं धरून बसला. "बर्फ पडला नाही त्यामुळे झराही बारीक झालाय. हौद अर्धा आहे," तो बिमलाला म्हणाला. "उजाडायच्या आधीच संपेल. अर्ध्यात संपण्यापेक्षा न केलेलं बरं." मृणाल दारात बूट घालत होती. ती तशीच बाहेर पडली.

थोड्या वेळाने तो नळ काढायला उतारावर गेला आणि जागीच थांबला. घळीत मृणाल दोन्ही हातांनी सुया उपसून फेकत होती. बर्फाचा ढीग उन्हात उघडा पडला होता, आणि शेजारी तंदूरच्या राखेने भरलेली पाटी होती. पांढऱ्या बर्फावरून ऊन परतून जातं. काळं काही टाकलं की तो ऊन पितो आणि झरझर वितळतो, हे डोंगरातल्या पोरांना शिकवावं लागत नाही. तिने मूठभर राख उचलली आणि स्वतःच्या शर्यतीवर फेकली. ढिगाच्या बुडातून पाण्याची धार निघाली होती आणि सरळ हौदात पडत होती.

"मृणाल," जोतीराम म्हणाला.

"असं बघत काय उभं ऱ्हायलाय, बाबा? राख संपली. गावातनं आणखी आणा की." मराठीत.

जोतीरामने डोळे पुसले आणि घरोघर राख मागत फिरला. टेकचंदच्या घरासमोर तो अडखळला, पण टेकचंद ओट्यावर नव्हता. तो वर घळीच्या काठावर उभा होता आणि भाचीकडे पाहत होता. तो बर्फ तिच्यासाठी काय होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"ही पोर काय करतेय?" त्याने विचारलं. जवळजवळ दोन महिन्यांत तो जोतीरामशी पहिल्यांदा बोलत होता.

जोतीरामने माठ सांगितला, उलटा माठ सांगितला. टेकचंदला त्यातलं निम्मंही पटलेलं दिसलं नाही. "फुलांवर बर्फ घालून फुलं वाचतात असं मी बापजन्मी ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "पण तिने तिचं घातलंय, तर मी माझं धरून बसणं बरं दिसत नाही. आण तुझे नळ."

संध्याकाळपर्यंत ढिगाच्या जागी काळा चिखल उरला आणि हौद काठोकाठ भरला. स्की-शाळेतल्या मुलांनी आणि त्यांच्या आयांनी नळ बागेत उतरवले. सगळ्यांत खालच्या दोन पायऱ्यांपर्यंत ते पुरले नाहीत. टेकचंदने तिथल्या झाडांकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

पहाटे पारा शून्याला टेकला तसा जोतीरामने व्हॉल्व्ह उघडला. आधी फुलं भिजली, मग त्यांच्यावर काच चढू लागली. फांद्या जड होऊन वाकल्या, काही कडाडून मोडल्या, आणि प्रत्येक फांदीबरोबर टेकचंद तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होता. पारा शून्याखाली एक अंश गेला, मग दोन. मृणाल हौदाच्या काठावर बसून पाणी किती उतरलं ते टॉर्चच्या उजेडात निशाणाने कळवत होती: हिरवं, हिरवं, पुन्हा हिरवं. उजाडलं तेव्हा हौदाचा तळ दिसायला लागला होता. पूर्वेच्या धारेवर सूर्य आला, उन्हाची तिरीप वरच्या पायरीला लागली, मग मधल्या, आणि बागेतून ठिबकण्याचा आवाज सुरू झाला. तेव्हा मृणालने लाल निशाण वर केलं. हौदात बादलीभर पाणी राहिलं असेल.

टेकचंदने एक गोठलेला घोस तोडला. अंगठ्याने बर्फ फोडला, पाकळ्या बाजूला केल्या. गोठून मेलेल्या फुलाचं काळीज काळं पडतं. हे हिरवं होतं. त्याने दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, मग पुढच्या झाडाकडे गेला. खालच्या दोन पायऱ्या दुपारपर्यंत काळ्या पडल्या. बाकीची बाग वाचली. त्या दिवशी तो बहिणीच्या घरी आला, तंदूरपाशी बसला आणि लागोपाठ तीन पेले चहा प्यायला. सुभेदाराशी फार बोलला नाही, पण शेवटच्या पेल्याला साखर मात्र त्याच्याकडेच मागितली.

मृणालची निवड त्या वर्षी झाली नाही. निवड करणारे आलेच नाहीत, कारण पाहायला पट्टा नव्हता. ती उन्हाळाभर चाकांवर धावली.

पुढच्या पौषातही आभाळ कोरडंच राहिलं. बरुआबाईंनी अंधारातही मोडणारं नवं बीज पाठवलं, आणि सोबत निरोप: दिवसा ऊन चढलं की वारा उतारावरून वर वाहतो, तेव्हाच फवारा चालवा, बागेत एक कणही जाणार नाही. जोतीरामने डबे कोपऱ्यात ठेवून दिले. "भाईजी आपणहून म्हणाले तरच," तो बिमलाला म्हणाला. टेकचंद काही म्हणाला नाही. संक्रांत आली, घंटा गुंडाळल्या गेल्या, आणि आता महिनाभर तो काही म्हणेल याची आशाच राहिली नाही. त्यातच शाळेची दोन निशाणं कुठेतरी गहाळ झाली. बिमलाला विचारलं तर ती म्हणाली, "असतील इथेच," आणि कणीक मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर मृणालने बापाची बाही ओढली आणि खाली बोट दाखवलं. बागेच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर एक उंच काठी रचलेल्या दगडांत उभी होती, जमिनीत कुदळ न घालता. तिच्या टोकाला पांढऱ्या कापडाची पट्टी. पट्टी डोंगराच्या दिशेने फडफडत होती. काठीशेजारी टेकचंद ठाकूर ताठ उभा होता, परेडला उभा राहावा तसा. त्याने पट्टीकडे पाहिलं, वर उताराकडे पाहिलं, आणि हिरवं निशाण उंच धरलं.

जोतीरामने व्हॉल्व्ह उघडला. दिवसभर टेकचंद तिथून हलला नाही. बिमलाने चहा तिथेच नेऊन दिला. ऊन कललं, पट्टी लोंबली, आणि ती बागेकडे वळायच्या आतच लाल निशाण वर गेलं. त्याच क्षणी जोतीरामने पाणी तोडलं.

असे सात-आठ दिवस गेले. पट्टा माथ्यापासून पायथ्यापर्यंत जुळला तेव्हा मृणाल पहिल्यांदा सुटली. ती सरसरत खाली आली, बागेच्या बांधाशी वळून थांबली आणि बर्फाचा फवारा मामाच्या बुटांवर उडाला. टेकचंदने बूट झटकले. मग लोकरी कोटाच्या खिशात हात घालून एक सफरचंद काढलं, गवतात जपून ठेवलेलं, वरच्या पायरीवरचं, आणि तिच्यापुढे धरलं.

मृणालने ते हातमोज्यावर पुसलं आणि चावलं. त्या मौनाच्या खोऱ्यात कचकन आवाज घुमला. तिने दचकून देवळाकडे पाहिलं. टेकचंदनेही पाहिलं. मग देवाच्या कारदाराने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने तिला खूण केली: खा, खा.